एकत्र कुटुंबाचा लॅपटॉप

मेरीने "काकी, हात पुढे करा" म्हटले की सरोजिनी डावा हात पुढे करायची. मेरीने "उजवा" म्हटले की ती डाव्या हाताने उजवा हात उचलायची आणि देवापुढे नारळ ठेवावा तसा तिच्यापुढे ठेवायची.

मेरी माणिकपूरची. हातापायांचे व्यायाम करून घेण्याचे रीतसर शिक्षण घेतलेली. आवाज असा की मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती "दाबा" म्हणाली की खाली रस्त्यावरचे रिक्षावाले ब्रेक दाबत असावेत. दिवाळीनंतर एका सकाळी सरोजिनीच्या हातून कपबशी सुटली, तेव्हापासून मेरी आमच्याकडे येऊ लागली. अर्धांगाचा झटका सौम्य आहे, असे डॉक्टर म्हणाले. सौम्य हा शब्द ज्याला झटका आलेला नसतो तोच वापरू शकतो असे मला वाटले, पण डॉक्टरांना तसे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मला कोणालाच काही सांगण्याचे धैर्य सहसा होत नाही. सरोजिनीचे बोलणे परत आले, पाय परत आला. उजवा हात मात्र मांडीवर बसून राहिला, गाडी चुकलेल्या पाहुण्यासारखा.

मेरीने दाबायला एक पिवळा रबरी चेंडू दिला होता. "मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे?" एवढे म्हणून सरोजिनीने तो बाजूला ठेवला. त्यानंतर तो मला कधी कपाटाखाली सापडे, कधी तांदळाच्या डब्यात.

"काका, सहा महिने," मेरी मला जिन्यात गाठून सांगायची. तिच्या मते ती हळू आवाजात सांगत असे. "तेवढ्यात बोटांना काम मिळालं तर हात येईल. नंतर त्याला आळसाची सवय लागते. काकींना मनापासून आवडेल असं काहीतरी शोधा."

माझे आयुष्य एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. समोरच्या माणसाला काय आवडेल हे त्याच्या चपलांवरून ओळखण्याबद्दल माझे थोडेफार नाव होते. पण सरोजिनीला काय आवडते, या प्रश्नावर मी जिन्यात कठडा धरून उभा राहिलो. तिला मला आवडते ते आवडते, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. ही समजूत कोणी करून दिली हे आठवेना. मी तिच्यापुढे वाती वळायला कापूस ठेवला, निवडायला तांदूळ ठेवले. तिने दोन्ही कामे डाव्या हाताने, माझ्या उजव्या हातापेक्षा चांगली केली.

त्यात त्या वर्षी आमच्याकडे संध्याकाळी वीज जात असे. दिवेलागणीला जाई ती जेवणे उरकल्यावर येई. दिवसभर सरोजिनी घर हाकत असायची, टीव्ही बघायची. वीज गेली की मात्र गॅलरीत जाऊन बसायची आणि मेणबत्तीसुद्धा लावू द्यायची नाही. काळोखात हात दिसत नाही, हेच तिला बरे वाटत असावे. वीज आली की मी उठून हॉलमधला दिवा लावायचो. त्या दिव्याचे बटण जुने आणि घट्ट. ते आधी तिचे खाते होते. मी दाबले की अर्धेच दाबले जाते आणि दिवा लावावा की नको या विचारात पडल्यासारखा फडफडतो. आताशा ती त्यावर हसतही नव्हती.

अशाच एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या बॅप्टिस्टनी सगळ्यांना मुलीच्या लग्नाची फिल्म बघायला बोलावले. बॅप्टिस्ट जहाजाच्या इंजिनखोलीतून निवृत्त झालेले. त्यांच्या जावयाने मस्कतहून लॅपटॉप आणला होता आणि काळोखात चालणारा तो आमच्या इमारतीतला पहिला टीव्ही होता. आम्ही गेलो. पहिल्या मजल्यावरचा जयराम आणि त्याची आई भागूबाई आधीच येऊन बसली होती. ही उमेळ्याची मंडळी. वाडीचा अर्धा तुकडा बिल्डरला देऊन इथे राहायला आलेली, पण उरलेल्या अर्ध्या तुकड्यातल्या केळींचे आणि पृथ्वीवरच्या इतर सर्व गोष्टींचे ज्ञान सोबत घेऊन आलेली.

"हार किती येला घालतात रे," भागूबाई म्हणाली. "जेवनाचं दाखव."

जेवण आले आणि लॅपटॉपने बॅटरी अर्ध्यावर आल्याचे कळवले. मग बॅप्टिस्टनी, यंत्राची खरी ताकद बघा म्हणून, जावयाने घालून दिलेला मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावला. डोंगर, दरी, नागमोडी रस्ता आणि त्यावरून सुसाट सुटलेली लाल मोटार. बॅप्टिस्ट चालवत होते आणि चालवताना स्वतःही वळत होते.

"पुढं वळण आहे," माझ्या शेजारून सरोजिनी म्हणाली.

मी दचकलो. तिचा तसा आवाज मी दिवाळीपासून ऐकला नव्हता.

"तुम्ही चालवा वहिनी," बॅप्टिस्ट म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

आणि सरोजिनीचा उजवा हात उठला. डाव्याने न उचलता, आपला आपण. टेबलापर्यंत गेला, बाणाच्या बटणावर एक बोट टेकले. बटण दाबले जायच्या आतच मोटार दरीत गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरी कड्यावर आपटली आणि त्याच वेळी बॅटरी संपून सगळे काळे झाले.

"फार धावते," सरोजिनी म्हणाली. हात पदराखाली गेला.

तिचे वडील एस.टी.चे ड्रायव्हर होते. फोंडा घाटाच्या गाडीवर. सुटीच्या दिवशी ते तिला आपल्या मागच्या बाकावर बसवून न्यायचे. मला हे माहीत होते. कार्डावर नोंद केलेले पुस्तक माहीत असते तसे. उघडून कधी पाहिले नव्हते.

"उजवा?" दुसऱ्या दिवशी मेरीने विचारले. "आपण होऊन?" जिन्यातले दोन दरवाजे उघडले. "काका, लॅपटॉप घ्या. आणि काळोखात मध्येच बंद पडणारा घेऊ नका. काकींना एकदा वैताग आला की संपलं."

मी आयुष्यात विकत घेतलेली सर्वांत गुंतागुंतीची वस्तू म्हणजे गजराचे घड्याळ. म्हणून मी प्रथम अभ्यास करायचे ठरवले. वाचनालयातून संगणकाची मासिके आणली आणि पंधरवडाभर वाचली. त्यातून कळले ते असे. लॅपटॉपच्या पडद्यावर चित्रे काढणारे एक खाते असते. काही लॅपटॉपमध्ये हे खाते मुख्य यंत्राच्याच पोटात राहते, त्याच्याच डब्यातले जेवते. त्याला इंटिग्रेटेड म्हणतात. काहींमध्ये त्याची वेगळी चूल असते, वेगळे भांडेकुंडे, वेगळा पंखा. ते डेडिकेटेड. वेगळे बिऱ्हाड जोरकस चित्रे काढते, पण बॅटरी खाऊन टाकते. एकत्र कुटुंबातले बिचारे हळू काढते, पण त्याला लागते फार थोडे. मोटारींच्या खेळाला वेगळे बिऱ्हाड हवे, असे सगळी मासिके सांगत होती. बॅटरी टिकायची तर एकत्र कुटुंब हवे, असेही सगळी मासिके सांगत होती. आम्हाला काळोखात मोटार चालवायची होती. यावर एकही मासिक काही सांगत नव्हते.

हे मी बॅप्टिस्टना समजावून सांगितले ही चूक झाली. संध्याकाळपर्यंत इमारतीत दोन पक्ष पडले.

"वेगळंच बरं," बॅप्टिस्ट म्हणाले. "माणूस मोकळा राहतो. माझा बघा, कसा पळतो."

"आनि तासाभरात मरतो," जयराम म्हणाला. "मास्तर, एकत्रातच बरकत हाय. मी हाय ना, आईसंगती."

मी कधी मास्तर नव्हतो, पण जयरामच्या मते चष्मा लावून जो हळू बोलतो तो मास्तर.

"माजं नाव नको घेऊ," भागूबाई म्हणाली. "मी कदीची वेगली चूल मागते. हाच देत नाय."

शेवटी जयरामने सांगितले की खरा मार्ग इन्व्हर्टरचा. त्याच्या घरी इन्व्हर्टर होता. वेळच्या वेळी पानी घाला, बाकी काय नाय, असे तो म्हणाला. तो इन्व्हर्टर वीज गेल्यावर थोड्याच वेळात शिट्टी मारू लागे आणि वीज येईपर्यंत मारत राही, हे सगळ्या इमारतीला पाठ होते.

"ती शिट्टी माझ्या घरात नको," सरोजिनी म्हणाली. या वादात तिने व्यक्त केलेले हे पहिलेच मत होते, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

बॅटरी किती टिकायला हवी हे ठरवायचे तर वीज किती वेळ जाणार हे नक्की कळायला हवे. म्हणून मी विजेच्या कार्यालयात गेलो. वेळापत्रक बाहेरच्या फलकावर लावले आहे असे खिडकीतले गृहस्थ म्हणाले. फलक बोळात होता, बोळात काळोख होता, कारण तिथली वीज गेली होती. मी परत आल्यावर गृहस्थ म्हणाले, "आजोबा, तुम्हाला कशाला हवंय?"

इथे मी खरे सांगू शकलो असतो. माझ्या बायकोला काळोखात मोटार चालवायची आहे. पण मागे रांग होती आणि माझे कान तापले होते. "उपचारासाठी," मी म्हणालो.

गृहस्थ एकदम उठून उभे राहिले. आतून एक साहेब आले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पत्ता विचारला, पेशंट किती विचारले. मी "एक" म्हणालो. त्या एका खुर्चीमुळे माझी हिंमत इतकी खचली की मी सगळ्याला मान डोलावून घरी आलो.

दोन दिवसांनी दारात एक तपासनीस उभा. आमच्या इमारतीत विनापरवाना रुग्णालय चालते का, आणि चालत असेल तर त्याची जोडणी घरगुती मीटरवर कशी, हे बघायला तो आला होता. त्याने हॉल पाहिला, स्वयंपाकघर पाहिले, न्हाणीघराचे दारही उघडून पाहिले. रुग्णालय संपले.

"पेशंट कुठंय?" त्याने विचारले.

"मी," सरोजिनी म्हणाली. "डॉक्टर हे. औषध अजून दुकानात आहे. चहा घेता?"

तो चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला की वेळापत्रक त्यांनाही आदल्या दिवशीच कळते, आणि त्याच्या आईलाही गेल्या वर्षी असेच झाले होते, पण ती आता भाकरी थापते. दार लावल्यावर सरोजिनी बराच वेळ बंद दाराकडे बघत होती.

मग मी माणिकपूरला दुकानात गेलो. दुकान दीपेश नावाच्या मुलाचे. मुलगा म्हणजे तिशीचा असेल, मला हल्ली सगळेच मुलगे वाटतात.

"कशासाठी हवाय काका? ऑफिस? इंटरनेट?"

"खेळासाठी," मी म्हणालो.

त्याने माझ्या छत्रीकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले. तो हसला नाही, पण हसू नये म्हणून त्याने जे केले ते हसण्यापेक्षा वाईट होते.

"नातवासाठी," मी घाईने म्हणालो.

आम्हाला मूलबाळ नाही. पण शब्द बाहेर पडला होता आणि दीपेशचा चेहरा एकदम घरगुती झाला होता. नातवाचे नाव काय? माझ्या तोंडून निघाले, संकेत. कितवीला? नववीला. कुठला गेम खेळतो? मोटारींचा.

"मग डेडिकेटेडच घ्या काका. इंटिग्रेटेड नेलात तर पोरगा रडेल. गाडी अडकत अडकत जाते."

"पण बॅटरी..." मी म्हणालो. "आमच्याकडे वीज जाते. आणि त्याला वैताग आला तर तो पुन्हा हात लावणार नाही. मला हे एकदाच घ्यायचं आहे, आणि बरोबर घ्यायचं आहे."

हे मी जरा जास्तच कळकळीने बोललो असणार, कारण दीपेशने खुर्ची पुढे ओढली. "फार लाडका दिसतो," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. हे एक उत्तर तेवढे खरे होते.

निर्णय न होता मी घरी आलो. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. तिसऱ्या खेपेला सगळे बळ एकवटून मी एक मागणी केली. दोन्ही लॅपटॉप पूर्ण भरून, वायर काढून, शेजारी शेजारी लावून ठेवावेत, आणि कोणता आधी मान टाकतो ते मी बसून बघेन. दीपेशने हात जोडले, पण ठेवले. मी पिशवीतून पुस्तक काढून मध्ये बसलो. दुकानात येणारे लोक मला तिथलाच समजू लागले. एका बाईंनी प्रिंटरची शाई मागितली, ती मला सापडली म्हणून मी दिली. मग ती फळी फारच अव्यवस्थित लावली आहे असे दिसले. वेळ होता, म्हणून मी शाई, वायरी आणि सीड्या विषयवार लावल्या. त्यानंतर दीपेशला स्वतःच्या दुकानात काही सापडेना.

वेगळ्या बिऱ्हाडाचा लॅपटॉप गरम झाला, त्याचा पंखा जोरात घोंघावू लागला आणि माझे एक प्रकरण संपायच्या आत तो विझला. एकत्र कुटुंबाचा चालूच होता. बाहेर दिवे लागले तरी चालू होता. त्याच्याकडे बघून मला एक प्रकारचा आपलेपणा वाटला. हळू, गार, कोणाच्या लक्षात न येणारा.

"हाच," मी म्हणालो.

"काका, गेम चालेल यावर," दीपेश म्हणाला, "पण..."

माझी ही जुनी खोड आहे. लोकांच्या "पण" च्या पुढचे ऐकायला मी थांबत नाही, कारण ते बहुधा माझ्याबद्दल असते. घरचा फोन नंबर देऊन, लॅपटॉप पोटाशी धरून मी रिक्षात बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज वेळेवर गेली. बॅप्टिस्ट खेळाची सीडी घेऊन आले. जयराम आला. भागूबाई मेणबत्ती घेऊन, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत जिना चढून आली. सरोजिनी हे सगळे आपल्यासाठी नाहीच अशा चेहऱ्याने गॅलरीच्या दारात बसली होती. पडद्यावर डोंगर आला, दरी आली, लाल मोटार आली. बॅप्टिस्टनी बटण दाबले.

मोटार निघाली. निघाली म्हणजे जरा पुढे गेली, थबकली, पुन्हा जरा पुढे गेली. शर्यतीतल्या बाकीच्या मोटारीही तशाच, मागोमाग, एकमेकींना वाट देत असल्यासारख्या.

"शांतारामभाऊ," बॅप्टिस्ट काही वेळाने मला म्हणाले, "ही शर्यत आहे की मिरवणूक?"

"माजी बैलगाडी बरी होती," जयराम म्हणाला. "आनि मी तुम्हाला एकत्राचं सांगितलं ते मानसांचं सांगितलं, मास्तर. यंत्राचं नाय."

"बराबर चालते," भागूबाई म्हणाली. "कोन मरल तरी नाय."

पंधरवडाभर वाचून, विजेच्या तपासनीसापुढे डॉक्टर होऊन, एका सज्जन दुकानदाराला नसलेला नातू सांगून मी घरात एक मिरवणूक आणली होती. मेरीच्या सहा महिन्यांपैकी बरेच दिवस मी मासिकांत घालवले होते, आणि आता सरोजिनीने बघितले होते की आपल्या नवऱ्याला एवढेही नीट आणता येत नाही.

"उद्या परत करतो," मी म्हणालो आणि चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. काळोखात साखरेचा डबा शोधताना हातात पिवळा चेंडू आला.

चहाला उकळी येत होती तेव्हा बाहेरून आवाज आला. "जाऊ दे त्याला. घाईत दिसतोय."

मी दारात आलो. सरोजिनी टेबलापाशी बसली होती. उजवा हात बटणांवर होता. बॅप्टिस्ट, जयराम, भागूबाई तिघेही गप्प उभे होते, आणि हे त्या तिघांच्या बाबतीत मी प्रथमच बघत होतो. वळण येत होते. सरोजिनीचे बोट निघाले. किती सावकाश निघाले. आपल्याला हाक मारली आहे हे पटायला त्याला वेळ लागत होता. मग ते थरथरत खाली जाऊ लागले. आणि मोटारही तशीच येत होती, थबकत, जरा पुढे, जरा पुढे. बोट खाली पोचले आणि मोटार वळणाशी पोचली. दोघे एकाच वेळी वळले.

"हं," सरोजिनी म्हणाली. "आता उतार."

ती रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवत होती. मागून येणाऱ्या प्रत्येक मोटारीला तिने पुढे जाऊ दिले. शर्यतीत ती शेवटची आली. "बाबा म्हणायचे, गाडीत चाळीस माणसं आहेत हे विसरायचं नाही," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्या वळणावर गेली. वीज आली तेव्हा चहा उतू जाऊन गॅस विझला होता. लॅपटॉप चालू होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती घाट चढू लागली. फोंड्याच्या गाडीतले कोण कुठल्या थांब्यावर उतरायचे, कोणाच्या कोंबड्या टपावर असायच्या, हे मी इतक्या वर्षांत प्रथमच ऐकत होतो. मेरीने एकदा तिची बोटे धरून चाचपली आणि काहीच बोलली नाही. मेरी काही बोलली नाही ही इमारतीत मोठी बातमी झाली.

मध्ये एक विघ्न आले. बॅप्टिस्टना ती मोटार बघवत नव्हती. एका दुपारी सरोजिनी भागूबाईकडे गेली असताना ते आले आणि त्यांनी खेळातली झाडे, ढग, सावल्या, अशी चित्रकामाची ओझी एकेक करून उतरवली. मोटार पळू लागली. संध्याकाळी सरोजिनी बसली आणि पहिल्याच वळणावर दरीत गेली. दुसऱ्यांदा गेली. हात पदराकडे निघाला.

"बॅप्टिस्ट," मी म्हणालो, "ती होती तशी करा."

"अहो, पण आता कुठे ती..."

"होती तशी करा. झाडं परत लावा."

माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असावा, कारण खालून जयरामने काय झाले म्हणून विचारले. बॅप्टिस्टनी मुकाट्याने झाडे लावली, ढग आणले, सावल्या पसरल्या. मोटार पुन्हा थबकत चालू लागली. सरोजिनीने माझ्याकडे बघितले, मग रस्त्याकडे.

पुढच्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. तो तिने उचलला. मी पेपराच्या आड होतो.

"कोण? दीपेश? लॅपटॉपच्या दुकानातून?" ती म्हणाली. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. "नातवाला?" ती म्हणाली. मी पेपर आणखी वर धरला. आपल्याला जमिनीत जाता येत नाही ही माणसाच्या रचनेतली मोठी उणीव आहे. दीपेश सज्जन. पोरगा नाराज असेल तर अजून बदलून देतो, डेडिकेटेड देतो, असे तो सांगत होता ते मला इथपर्यंत ऐकू येत होते.

"नाही, बदलायला नको," सरोजिनी म्हणाली. "त्याला हाच आवडलाय. सावकाश चालवतो तो, पण चालवतो. काल घाट चढला." आणि थोडे थांबून, "हो, फार लाडका आहे. तुम्हालाही सांगितलं का यांनी?"

तिने फोन ठेवला. पेपर आपोआप खाली आला.

"नाव काय सांगितलंत त्याचं?"

"संकेत," मी म्हणालो.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एका रात्री आम्ही ते नाव ठरवले होते. त्यानंतर कधी उच्चारले नव्हते.

"लक्षात आहे की तुमच्या," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी दिवेलागण झाली आणि वीज गेली नाही. खाली जयरामच्या घरात टीव्ही जोरात सुरू झाला. भागूबाई कोणाला तरी मोठ्याने म्हणत होती की आज देव पावला. आम्ही दोघे टेबलापाशी बसून होतो. लॅपटॉप मिटलेला. एवढ्या लखलखीत उजेडात घाट चढायचा म्हणजे काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते.

"जाईल," मी म्हणालो. "विजेचा काही भरवसा नसतो."

सरोजिनीने थोडा वेळ वाट बघितली. मग ती उठली, भिंतीपाशी गेली, आणि हॉलमधल्या दिव्याचे ते घट्ट बटण उजव्या अंगठ्याने एका दमात पुरते दाबले. काळोख झाला. दिवा जराही फडफडला नाही.